आपले प्रश्न : हजारो फायलींतून हवे ते फूल कसे सापडावे?

प्रश्न : मी पुण्यात कोथरूडला राहते. निवृत्तीनंतर डिजिटल स्क्रॅपबुकिंगचा छंद लागला. घरच्या फोटोंची सजवलेली पाने संगणकावर तयार करते आणि वर्षाकाठी त्यांचा एक अल्बम छापून घेते. विकत घेतलेली आणि मोफत मिळालेली किट्स, म्हणजे सजावटीच्या चित्रांचे संच, आता तीनशेच्या वर गेली असून बरीचशी अजून झिप फायलींतच, म्हणजे एकत्र बांधलेल्या गठ्ठ्यांतच, पडून आहेत. नातीच्या पहिल्या गणपतीचे पान करताना झेंडूचे फूल हवे होते. ते माझ्याकडे आहे हे पक्के ठाऊक असूनही दोन दिवस शोधून सापडले नाही. सगळे कागद (पानामागे पसरायची चित्रे) एका फोल्डरमध्ये आणि फुले, रिबिनी, चौकटी वेगवेगळ्या फोल्डरांत अशी विभागणी करावी का?

उत्तर : अशी विभागणी कृपया करू नका. मीही सुरुवातीला तेच केले होते आणि त्याचा पश्चात्ताप आजही होतो. किट म्हणजे एकाच रंगसंगतीत बेतलेला संच असतो. त्यातली रिबीन त्यातल्याच कागदाला शोभावी म्हणून तशी रंगवलेली असते. संच एकदा फोडला की ही जोडी पुन्हा जुळवणे जवळजवळ अशक्य होते. शिवाय प्रत्येक किटबरोबर वापराच्या अटींची एक छोटी फाईल येते. उद्या ओळखीतल्या कुणी मोबदला देऊन लग्नाचा अल्बम करून मागितला, तर ते साहित्य केवळ घरगुती वापरासाठी आहे की व्यवसायासाठीही चालते, हे त्या फाईलवरूनच कळते. म्हणून किट बनवणाऱ्याच्या नावाचा एक फोल्डर, त्यात प्रत्येक किटचा स्वतंत्र फोल्डर, आणि त्यात कागद, सजावट, नमुनाचित्र व अटी असे सारे एकत्र, एवढीच मांडणी ठेवा.

झिप फायली मात्र आधी उघडायला हव्यात, कारण त्यांच्या आतली चित्रे शोधताना दिसत नाहीत. त्या झिप ठेवल्याने जागा वाचते असा समज असतो, तो खरा नाही. आतल्या जेपीजी आणि पीएनजी फायली मुळातच आकसलेल्या असतात, त्यामुळे झिपने फारसा फरक पडत नाही. साधा १२ इंची चौरस कागद ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ३६०० गुणिले ३६०० पिक्सेलचा, म्हणजे सुमारे १ कोटी ३० लाख पिक्सेलचा असतो. एवढ्या मोठ्या फायली असताना एकाच किटची झिप आणि उघडलेला फोल्डर दोन्ही ठेवले, तर डिस्क दुप्पट वेगाने भरते.

आता शोधण्याविषयी. फोल्डर एका वस्तूला एकच जागा देतो, पण झेंडूचे फूल गणपतीला लागते, दसऱ्याला लागते, बारशालाही लागते. त्यासाठी टॅग, म्हणजे फाईलला जोडलेले शोधशब्द, हवेत. विंडोजमध्ये फाईलच्या माहितीत टॅग लिहिता येतात, पण ती सोय जेपीजीला आहे, पीएनजीला नाही. आणि पारदर्शक पार्श्वभूमीची फुले-रिबिनी तर पीएनजीच असतात. त्यामुळे डिजिकॅमसारखा मोफत किंवा फोटोशॉप एलिमेंट्सच्या ऑर्गनायझरसारखा विकतचा प्रोग्रॅम घ्यावा लागेल. एकदा त्यात साहित्य घेतले की फायली हलवायच्या त्या त्या प्रोग्रॅमच्या आतूनच. बाहेरून हलवल्या तर ऑर्गनायझरला त्या सापडेनाशा होतात.

टॅग मराठीतच द्या, कारण पान करताना मनात ‘मॅरिगोल्ड’ नव्हे, ‘झेंडू’ येतो. मात्र शब्दाचे रूप आधी ठरवून घ्या. एकदा ‘फूल’, एकदा ‘फुले’, घाईत ‘फुलं’ असे लिहिले, तर संगणकाच्या लेखी ते तीन वेगळे टॅग होतात. मी सर्वत्र एकवचन वापरते : फूल, रिबीन, चौकट, तोरण. रंग आणि प्रसंग यांचे टॅग संपूर्ण किटला एकदम द्यावेत. एकेका वस्तूला टॅग द्यायचा तो जी आपण खरोखर नावाने शोधतो तिलाच. प्रत्येक बटणाला टॅग देत बसलात, तर छंदाची हमाली होईल.

प्रसंगही आपलेच लिहा. परदेशी किटवर ‘हिवाळा’ असे नाव असले, तरी त्यातल्या चंदेरी चांदण्या कोजागरीच्या पानाला सुंदर दिसतात, तेव्हा तिथे ‘कोजागरी’ हाच टॅग हवा. तुमचे हरवलेले फूलही बहुधा अशाच परक्या नावाखाली असावे. झेंडू मूळचा मेक्सिकोचा. तिथे १ आणि २ नोव्हेंबरला दिवंगतांच्या स्मरणाचा सण असतो आणि त्यात झेंडूच्या फुलांची आरास करतात. त्या सणाची किंवा शरद ऋतूची किट्स आधी उघडून पाहा.

तीनशे किट्स एका दमात लावायला घेऊ नका. नवे किट आले की त्याच दिवशी उघडून टॅग द्यावे, आणि जुन्यांपैकी जे एखाद्या पानासाठी हाताशी येईल तेवढेच लावावे. गणपतीच्या पानापासूनच सुरुवात करता येईल. मात्र त्याआधी सगळ्या साहित्याची आणि तयार पानांची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर काढा, आणि ती डिस्क शक्यतो घराबाहेर, लेकीकडे किंवा बहिणीकडे ठेवा.