समोर बसून काढ

प्रिय पोरी,

गमतीची चित्रं सोडू की निसर्गचित्रं, एवढंच तुला विचारायचंय. बाकी तीन पानं नुसती घालमेल आहे. कुणी गॅलरीवाला म्हणाला, ‘एक काय ते ठरवा’, आणि तू हातपाय गाळलेस. मला त्याचा राग आलाच, पण तुझा जास्त आला. सोबत पाठवलेल्या छत्रीवाल्या म्हशीचे कान तू शिंगांच्या वर काढलेस. मोबाइलमध्ये बघून काढलीस ना?

एकोणिसाव्या शतकातल्या त्या इंग्रज कवी-चित्रकाराची, एडवर्ड लिअरची, बडबडगीतं तुला पाठ आहेत. त्याचे पोपट पाहिलेस का? विशी गाठायच्या आत हा पोरगा लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जिवंत पोपटांसमोर बसून, मापं घेऊन चित्रं काढत होता. मेलेल्या, पेंढा भरलेल्या पक्ष्यांवरून काढायचा रिवाज असताना! लिथोग्राफीच्या, म्हणजे ज्यावरून चित्र छापतात त्या दगडावरही स्वतःच्याच हाताने काढायचा. आणि त्याच अभ्यासाच्या कागदांवर, त्याच्याकडे टकामका बघणाऱ्या बघ्यांची अर्कचित्रंही आहेत. पोपटही समोरचा, माणसंही समोरची. सांग बरं, यातलं ‘एक’ कसं ठरवायचं?

१८४६ साली तो व्हिक्टोरिया राणीला चित्रकला शिकवत होता आणि त्याच वर्षी त्याचं गमतीच्या कवितांचं पहिलं पुस्तक टोपणनावाने आलं. लोकांनी हसावं पण चित्रकाराला हसू नये, ही त्याचीही धडपड. १८५० मध्ये, अडतिसाव्या वर्षी, तो लंडनच्या रॉयल अकादमीच्या चित्रकलेच्या शाळेत पोरांबरोबर विद्यार्थी म्हणून बसला. मोठा तैलचित्रकार व्हायचं होतं. ती प्रचंड तैलचित्रं आज मला जड वाटतात. जीव आहे तो जागेवरच्या रेखाटनांत. पेन्सिलीने भराभर काढायचं, कोपऱ्यात ठिकाण, तारीख, वेळसुद्धा, कुठे कोणता रंग तो शब्दांत, खडकाचं स्पेलिंग मुद्दाम वेडंवाकडं. मग मुक्कामावर शाईची रेघ आणि जलरंग. गंमत आणि डोंगर एकाच कागदावर, बघ!

दमा, फिट्स, अधू डोळे घेऊन हा माणूस एकसष्टाव्या वर्षी, नोव्हेंबर १८७३ मध्ये, मुंबईत उतरला. व्हाइसरॉय नॉर्थब्रुकचं आमंत्रण होतं. दार्जिलिंगला जाऊन कांचनगंगा काढली, वर्षभराहून जास्त देश पालथा घातला. आणि १८७४ मध्ये मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त त्याची कविता छापून आली: एक बाई धोब्यावर बसून संध्याकाळची चांदणी बघते आणि शेवटी कमरबंद तिला गिळतो. आपल्याकडचे शब्द कानांनी टिपले आणि उलटेपालटे केले. टिपले आधी, हे विसरू नकोस. समोर बसल्याशिवाय उलटंसुद्धा करता येत नाही.

मला लोक म्हणतात, सर, तुम्ही हट्टापायी मागे राहिलात. फोटोवरून काढून देणारे माझे सोबती बंगले बांधून बसले, मी पावसाळ्यात घाटात छत्री धरून बसलो. कॅलेंडरांची कामं नाकारली. घरात त्याची झळ बसली, ती मी नाकारत नाही. बायकोने सोसलं, त्याची रुखरुख आहे. पण हातात जे आहे ते त्या बसण्याचंच आहे. हे मी स्वतःची बाजू मांडायला सांगतोय असं तुला वाटेल. वाटू दे. तरीही समोर बसूनच काढ.

तू चांगली आहेस, म्हणून तर एवढं बोलतोय. त्या म्हशीच्या डोळ्यातला तिरस्कार मला अजून हसवतोय. गॅलरीवाल्याला काय कळवायचं ते नंतर बघू. आधी गोठ्यात जा, शेणात बसावं लागलं तरी बस, कान कुठून फुटतात ते बघ. मग तिच्या हातात छत्री दे, नाहीतर तिला मंत्री कर, माझी हरकत नाही. पुढच्या वेळी कागदावर ठिकाण आणि वेळ लिहिलेली नसली तर मी चित्र न बघता परत पाठवीन, टपालखर्च तुझा.

तुझा,
सर