टॅलेंट असलं की पैसा मिळतोच ना, मग गाण्यात वंश, जात, बाई-पुरुष हे कशाला आणता?

प्रश्नकर्त्याचं म्हणणं असं की गाण्यात फक्त गळा चालतो, बाकी अमेरिकेतलं काळं-गोरं आणि आपल्याकडची जात हे लोक उगाच घुसवतात. मी नागपुरात ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो, म्हणून पैशाच्या बाजूनं सांगतो, कारण गळ्याचा आणि पाकिटाचा संबंध वाटतो तेवढा जवळचा नाही बाप्पा.

बिग मामा थॉर्नटन नावाची काळी गायिका होती. तिनं १९५२ मध्ये 'हाउंड डॉग' (म्हणजे शिकारी कुत्रा) रेकॉर्ड केलं, १९५३ मध्ये ते रिदम अँड ब्लूजच्या यादीत सात आठवडे एक नंबरवर होतं (१९४९ पर्यंत त्या यादीचं नाव 'रेस रेकॉर्ड्स' होतं, म्हणजे काळ्यांचा कप्पाच वेगळा). तिच्या सांगण्याप्रमाणे तिला त्याचे ५०० डॉलर मिळाले, विषय संपला. १९५६ मध्ये एल्विस प्रेस्ली या गोऱ्या गायकानं तेच गायलं आणि ते लाखोंनी खपलं.

आता यात चोर शोधा बरं. सापडत नाही. गाणं लिहिणारे लायबर आणि स्टोलर तेव्हा १९-१९ वर्षांची गोरी पोरं, आणि तिची रेकॉर्ड कंपनी ज्याची होती तो डॉन रोबी स्वतः काळा. एल्विसनं कायदा कुठंच मोडला नाही, आणि अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं वाजलं तर लिहिणाऱ्याला पैसे मिळतात, गाणाऱ्याला आजही नाही, मग ती कितीही मोठी असो. आणखी एक बघा, तिच्या तोंडी ते गाणं म्हणजे फुकट्या पुरुषाला घराबाहेर काढणारी बाई आहे, एल्विसच्या वर्जनमध्ये बोल बदलले आणि उरला खरोखरचा कुत्रा. बाईचा राग काढून टाकल्यावर ते 'सगळ्यांचं' गाणं झालं, मला तर हीच गोष्ट जास्त खटकते.

आता नागपूर. एप्रिलमध्ये भीमजयंतीच्या दिवसांत इंदोऱ्याकडे, म्हणजे आमच्याकडच्या बौद्ध वस्तीत, भीमगीतांचे, कव्वालीचे कार्यक्रम असतात, काय गळे असतात राजा, वरच्या पट्टीत तासन्‌तास. त्यांच्यातलाच एक ढोलकीवाला आमच्यासोबत सिव्हिल लाइन्सच्या देशपांडे हॉलमध्ये जुन्या हिंदी गाण्यांना वाजवतो. हॉलमध्ये तो 'ज्येष्ठ कलाकार', शाल-श्रीफळ वगैरे, आणि तिकडच्या गायकाचं नाव सुचवलं की आयोजक म्हणतात "अहो, आपली फॅमिली ऑडियन्स आहे." तिकडे काय फॅमिल्या नसतात? पोरंबाळं घेऊन पहिल्या रांगेत बसलेल्या असतात. मला कोणी असं काही बोललं नाही, माझं आडनाव पाहून बोलायची गरजच पडत नाही त्यांना. हे आडनाव मला वाजवून मिळालेलं नाही, पण पैसे मात्र त्याचेही मिळतात.

बाईमाणसाचं तर वेगळंच. पोस्टरवर फिमेल सिंगरचा फोटो सगळ्यात मोठा, साडी कोणती ते आयोजक सांगणार, मेकअप तिचा खर्च, आणि शेवटी पाकिटातून घरी सोडायच्या गाडीचे पैसे कापलेले. साउंड दहाला बंद, ती लगेच निघते, घरचे फोन करत असतात. आम्ही वायर गुंडाळून टपरीवर चहा प्यायला जातो आणि पुढच्या महिन्याच्या तारखा, कोणाला घ्यायचं, रेट काय, हे सगळं तिथंच ठरतं. तिला कोणी वगळत नाही, ती फक्त तिथं नसते आणि रेट दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर कळतो.

आपल्याकडे २०१२ च्या कायदा दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीचा हक्क कंपनीच्या नावे लिहून देता येत नाही, गायकालाही रॉयल्टीचा हक्क आहे, चांगलंच आहे. पण कॅसेटच्या जमान्यातले आमच्याकडचे बुजुर्ग सांगतात की एक ठोक पैसे हातावर ठेवायचे आणि कागद नाहीच. त्यातली गाणी आता यूट्यूबवर भलत्याच चॅनलवर आहेत, खाली गायकाचं नाव पण नाही.