बाँडवर सही दिली, आता काहीच करता येत नाही का?

प्रश्न : वकीलताई, माझ्या लग्नाला १२ वर्षं झाली, दोन पोरी आहेत. पोरगा नाही म्हणून सासूनं लावून धरलं अन दिवाळीनंतर मालकांनी दुसरी केली. त्याच्या आधी मला तालुक्याला नेलं, तहसीलच्या बाहेर टायपिंगवाल्याकडून ५०० च्या बाँडवर काहीतरी लिहून घेतलं. मला फक्त 'राजीखुशीने, कोणाच्याही दबावाखाली न येता' एवढंच वाचता आलं. सही केली. आता सासू म्हणते आमच्या आजेसासऱ्यानं बी दोन केल्या होत्या, थोरली-धाकटी एका चुलीवर नांदल्या, अन तू तर सही दिलीस. — एक बहीण, बीड जिल्हा

उत्तर : ताई, आधी त्या बाँडचं सांगते कारण आठवड्याला एक तरी बाई असलाच कागद घेऊन येते. आधी १०० चा असायचा, आता ५०० चा झाला, कागद महागला पण दुसऱ्या लग्नासाठी त्याची किंमत तेव्हाही शून्य होती अन आताही शून्यच. पहिली बायको जिवंत असताना, घटस्फोट झालेला नसताना दुसरं लग्न केलं तर हिंदू विवाह कायद्याप्रमाणे ते लग्नच धरत नाहीत, मग तुम्ही एक सही द्या नाहीतर दहा द्या. हा कायदा बौद्ध, जैन, शीख सगळ्यांना लागू आहे.

सासूबाईंचं म्हणणं खोटं नाही, फक्त जुनं आहे. मुंबई इलाख्यात दोन बायका करायला १९४६ लाच बंदी आली होती, पण आपला मराठवाडा तेव्हा निजामाकडे, त्यामुळे तो कायदा इकडे आलाच नाही. आपल्याकडे बंदी आली ती १९५५ च्या कायद्यानं, मे महिन्यात. आजेसासऱ्यांनी त्याच्या आधी केलं असेल तर त्यांना चाललं, तुमच्या मालकांना चालणार नाही. अन हे फक्त मुसलमानांतच होतं म्हणणाऱ्यांसाठी एक आकडा, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत नवऱ्याला आणखी बायको आहे असं सांगणाऱ्या बाया मुसलमानांत १.९ टक्के होत्या अन हिंदूंत १.३. मुसलमानांना चारपर्यंत कायद्यानं चालतात, हिंदूंना दुसरी पण नाही, तरी फरक एवढाच.

आता गुन्ह्याचं. भारतीय न्याय संहितेचं कलम ८२, ७ वर्षांपर्यंत शिक्षा. पण हा अदखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे ठाण्यात गेलात तर नोंद करून परत पाठवतील, तक्रार थेट मॅजिस्ट्रेट कोर्टात करायची. तुमच्या वतीनं आई, वडील, भाऊ पण करू शकतात. खरी अडचण पुढं आहे. १९६५ ला सुप्रीम कोर्टात महाराष्ट्रातलीच एक केस गेली होती, भाऊराव लोखंडे यांची, त्यात दुसरं लग्न रीतसर विधींनी लागलं हे सिद्ध झालं नाही म्हणून शिक्षा रद्द झाली. गावात शंभर माणसं जेवून जातात पण कोर्टात उभं राहायला एक येत नाही, हे मी डोळ्यानं बघितलंय. म्हणून हळदीचे फोटो, पत्रिका, कुणाच्या मोबाईलमधला सप्तपदीचा व्हिडिओ, लग्न लावणारा कोण होता, हे आत्ताच गोळा करा, भांडण पेटल्यावर सगळं डिलीट होतं. केस लांबली तरी पोटगी थांबत नाही, नवऱ्यानं दुसरी केली एवढ्या कारणावरून तुम्ही वेगळं राहून स्वतःची अन पोरींची पोटगी मागू शकता. वकिलाला पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीत जा, बाईला तिथं वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

अन पोरगा-पोरगी बापाकडून ठरतं, हे सासूबाईंना कुणीतरी सांगा.

प्रश्न : पहिलीला सोडचिठ्ठी दिली असं सांगून माझ्याशी लग्न केलं. आता कळलं की काहीच झालेलं नव्हतं. मला एक मुलगा आहे. मी कुठली? — वाचक, लातूर जिल्हा

उत्तर : तुम्हाला फसवलंय, अन पहिलं लग्न लपवून दुसरं केलं तर शिक्षा १० वर्षांपर्यंत जाते. पोटगीचं म्हणाल तर २०१३ ला बादशाह गोडसे केसमध्ये सुप्रीम कोर्टानं असंच फसवल्या गेलेल्या दुसरीला पोटगी दिली, नवऱ्याला स्वतःच्याच लबाडीचा फायदा घेऊ दिला नाही. मुलगा तर कायद्यानं औरसच, बापाच्या वाट्याला जे येतं त्यात त्याचा हक्क आहे, मात्र काका-आज्याच्या वाट्यावर नाही. त्याच्या जन्मदाखल्यावर बापाचं नाव लागलंय का, ते आजच बघा.