पहाटे साडेतीनचा वर्ग

नाशिक, श्रावणातला रविवार

प्रिय मुली,

तुझा मेसेज रात्री दीडला आलेला, मी सकाळी चहा घेताना पाहिला. नाईटला होतीस हे सांगायला नकोच. पुरती झोप झालेलं माणूस एका दमात नर्सिंग लीडरशिपमधल्या डॉक्टरेटच्या तीन जाहिरातींचे फोटो पाठवून “मॅडम, यातली कुठली घेऊ?” असं विचारत नाही. साडी घ्यायची असती तर मी सांगितलंही असतं.

पहिली आधी उडवून टाक, ती “नोकरी सांभाळून घरबसल्या ऑनलाईन पीएचडी”वाली. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२च्या नियमांप्रमाणे आपल्याकडे पीएचडी ऑनलाईन किंवा दूरस्थ पद्धतीने देताच येत नाही. परदेशी विद्यापीठाचं नाव पुढे करून ऑनलाईन शिकवणाऱ्या एडटेक कंपन्या जी ऑनलाईन पीएचडी विकतात, तिला मान्यता नाही, हेही यूजीसी आणि एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जाहीर केलं. त्यांचा माणूस गोड बोलेल, “आज भरलं तर फीमध्ये सूट” म्हणेल. एम.एस्सी. झाल्या झाल्या मीसुद्धा अशाच एकाला रजिस्ट्रेशनचे म्हणून पंधरा हजार देऊन बसले. तिसऱ्या महिन्यात जाऊन बघते तर शटर बंद, शेजारचा झेरॉक्सवाला म्हणाला, “गेले ते.” पावती अजून माझ्या शिवणाच्या डब्यात आहे.

दुसरी अमेरिकेतली, डीएनपी, म्हणजे डॉक्टर ऑफ नर्सिंग प्रॅक्टिस. ही खरी पदवी आहे. तिथल्या नर्सिंग कॉलेजांच्या संघटनेने २००४ मध्ये ठरवलं होतं की २०१५ पर्यंत वरच्या पातळीवरच्या प्रॅक्टिससाठी डीएनपीचंच शिक्षण असावं. तसं पुरतं झालं नाही, पण पदवी चांगली रुजली. नेतृत्वाची शाखाही तिच्यात असते आणि बराचसा अभ्यास ऑनलाईन होतो. मात्र बीएस्सीनंतरचे प्रत्यक्ष कामाचे किमान १००० तास भरावे लागतात, आणि ते लॅपटॉपवर भरत नाहीत. कुठल्या हॉस्पिटलात, कुणाच्या हाताखाली भरायचे, हे विद्यापीठ मान्य करणार. बहुतेक ठिकाणी प्रवेशालाच तिथलं आरएन, म्हणजे नोंदणीकृत नर्सचं लायसन्स मागतात, म्हणजे आधी त्याची एनसीएलईएक्स परीक्षा आली. कोर्सला सीसीएनई किंवा एसीईएन या नर्सिंगचे कोर्स तपासणाऱ्या तिथल्या संस्थांची मान्यता आहे का, ते त्यांच्याच यादीत बघ, जाहिरातीत नको. आणि या पदवीचा इथल्या नोकरीत काय उपयोग, हे जिथे नोकरी करणार त्यांच्याकडून पैसे भरण्याआधी लेखी घे.

अजून एक. न्यूयॉर्कला संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेतीन असतात, हिवाळ्यात साडेचार. वर्ग लाईव्ह असला तर तुझ्या नाईटचं काय करणार आहेस?

तिसरी जाहिरात नाहीच खरं तर, म्हसरूळच्या आपल्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची सूचना आहे ती. विद्यापीठ दाराशी आहे म्हणून नाशिककरांना त्याचं अप्रूप नाही. पीएचडीला कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा. बायकांना वर दोन वर्षांची सवलत आणि बाळंतपणाची २४० दिवसांपर्यंत रजा. (सासूबाईंना हे आत्ताच वाचून दाखवू नकोस.) नोकरी करत अर्धवेळ करता येते, पण कामावरून ना हरकत पत्र लागतं. २०२७चं सिंहस्थ डोळ्यांपुढे ठेवून मेट्रनशी आताच बोल. २०१५च्या सिंहस्थात आम्हाला सणाची सुट्टीसुद्धा मिळाली नव्हती.

आता तू न विचारलेलं सांगते.

मी इन्चार्ज होते तेव्हा पुरुषांच्या मेडिकल वॉर्डात एका आजोबांना माकडहाडाशी बेडसोर झाला, एकाच कुशीवर पडून राहून होते ती जखम. मी टर्निंग चार्ट मागवला. दर दोन तासांनी कूस बदलल्याच्या खुणा रकान्यांत बरोबर होत्या. दहा, बारा, दोन, चार, सहा. पण सगळ्या एकाच पेनाच्या, एकाच तिरपेपणाच्या, आणि सहाची खूण केलेली असताना घड्याळात साडेपाच वाजले होते. नाईटच्या मुलीला मी सगळ्यांसमोर झापलं. ती काही बोलली नाही, ॲप्रनच्या खिशातून रुमाल काढून निघून गेली. दुपारी सहज रजिस्टर चाळलं तर त्या रात्री ३८ पेशंट आणि सिस्टर एक. नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण साध्या हॉस्पिटलात पाच पेशंटमागे एक सिस्टर. ड्युटी तर मीच लावली होती.

तिची माफी मागायला मला चार दिवस लागले. मग आम्ही दोघींनी बसून रात्रीच्या पेशंटचा ब्रेडन स्कोअर काढला, बेडसोरचा धोका किती ते सांगणारा. तो ६ ते २३मध्ये असतो, १८ किंवा खाली आला की धोका. तसे नऊजण निघाले. एकट्या बाईला अडतीस माणसं वळवता येत नाहीत, पण वॉर्डबॉय मामांना हाताशी घेऊन नऊ येतात. रात्री दहाच्या राऊंडला त्या नऊ खाटांना लाल फीत बांधायला लागलो.

तुझ्या दोन पदव्यांतला फरक मला या वॉर्डातच कळतो. लाल फीत का टिकली, दुसऱ्या वॉर्डात का सुटली, सिस्टर खोट्या खुणा का करतात, यातलं अजून कुणालाच नीट माहीत नसलेलं शोधून काढायचं असेल तर ती पीएचडी. आणि जे माहीत आहे ते आपल्या हॉस्पिटलात रुजवून, आधीचे आणि नंतरचे आकडे ठेवून दाखवायचं असेल तर तो डीएनपीचा प्रोजेक्ट. दोन्हीला लीडरशिपच म्हणतात. तुझ्या मेसेजमध्ये फी होती, कालावधी होता, “नावापुढे डॉक्टर लागेल ना?” हेही होतं. तुझ्या वॉर्डातलं काय तुला झोपू देत नाही, ते मात्र नव्हतं. गाईडही पहिल्या भेटीत हेच विचारतो, आणि “नर्सेसमधील ताणतणाव” असं मोघम उत्तर दिलंस तर वर्षभर फिरवतो. माझे आठ महिने तसेच गेले.

तुझा प्रश्न काय असावा याचा मला अंदाज आहे. तू सकाळच्या हँडओव्हरबद्दल, ड्युटी बदलताना पेशंटची माहिती पुढच्या सिस्टरला देतात त्याबद्दल, नेहमी चिडून बोलतेस, कुणाची ॲलर्जी सांगायची राहिली, कुणाचं कॅथेटर कधी घातलं ते कुणालाच ठाऊक नाही. पण तो मी सांगून उपयोग नाही.

पुढचे पंधरा दिवस एकाही कोर्सला फोन करू नकोस. हँडओव्हर घेताना खिशात छोटी वही ठेव. काय सांगायचं राहिलं, किती वाजता, वॉर्डात तेव्हा किती पेशंट, सिस्टर किती, एवढंच लिही. पेशंटचं नाव किंवा केस नंबर लिहायचा नाही, फोटो तर अजिबात नको. सिस्टरचंही नाव नको.

मग ये वही घेऊन. मंगळवार सोडून कधीही, मंगळवारी माझी फिजिओथेरपी असते. आणि नाईट करून थेट येऊ नकोस, आधी घरी जाऊन झोप.

तुझी,
जुनी मेट्रन