१९७१ चं युद्ध संपलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मुंबईत कसं वातावरण होतं? सगळं लगेच पहिल्यासारखं झालं का?

तुमच्या प्रश्नातच एक घोळ आहे तो आधी निस्तरते, कारण ह्याच घोळावरून आमच्या घरात गेली पन्नास वर्षं भांडण चालू आहे. युद्ध १६ डिसेंबरला संपलं नाही. १६ तारखेला, गुरुवारी, ढाक्यात पाकिस्तानच्या जनरल नियाझींनी शरणागतीवर सही केली आणि पूर्वेकडचं संपलं. पश्चिमेकडे, म्हणजे पंजाब, जम्मू, राजस्थान, कच्छ आणि आपला हा समुद्र, तिकडे युद्धबंदी लागू झाली ती १७ तारखेला, शुक्रवारी रात्री आठ वाजता. इंदिराबाईंनी ती आपल्या बाजूने आदल्या संध्याकाळी जाहीर केली होती पण पाकिस्तानचा अध्यक्ष याह्याखान त्याच रात्री रेडिओवर सांगत होता की लढाई चालूच राहणार, आणि ऐकतो म्हणाला तो दुसऱ्या दिवशी. म्हणजे तुम्ही ज्याला 'संपल्याचा दुसरा दिवस' म्हणताय त्या दिवशी सकाळी आमच्यापैकी कोणालाच खात्री नव्हती. मेजर होशियार सिंह ह्यांना परमवीरचक्र मिळालं ना, त्यांच्या जरपालच्या ठाण्यावर पाकिस्तानचा मोठा हल्ला झाला तो १७ तारखेलाच. माणसं त्या दिवशीही मेली. आणि हे दरवर्षी १६ डिसेंबरला व्हॉट्सॲपवर 'त्या रात्री अख्ख्या देशात दिवाळी' म्हणून जे फिरतं ते पाठवणारे बहुतेक तेव्हा जन्मलेलेही नव्हते.

मी तेव्हा आठवीत होते. लालबागला चाळीत राहायचो, दुसऱ्या मजल्यावर. वडील, आम्ही अण्णा म्हणायचो, नेव्हल डॉकयार्डात फिटर. कराचीवर हल्ला करून आलेल्या मिसाईल बोटींचं सगळ्यांना माहीत आहे, ४ डिसेंबरला नौदल दिन त्याचाच असतो, पण त्या बोटी मुंबईतून सुटल्या आणि मुंबईतच परत आल्या, त्यांना दुरुस्ती-बिरुस्ती लागायची ती कोण करत होतं? अण्णा त्या दोन आठवड्यांत घरी यायचे ते अंघोळीला आणि झोपायला. काय काम केलं ते विचारलं तर "काम" एवढंच सांगायचे. आईला तर मिलचा भोंगा झाला तरी वाटायचं सायरन झाला.

ब्लॅकआऊटचं वर्णन तुम्ही कुठेतरी वाचलं असेलच. काचांना काळा कागद, तो आम्ही खळ शिजवून चिकटवलेला, गाड्यांच्या हेडलाईटचा अर्धा भाग काळा रंगवलेला, चाळीत वॉर्डन म्हणून फिरणारे दोन काका ज्यांना आयुष्यात पहिल्यांदाच कोणावर तरी ओरडायचा अधिकार मिळाला होता. टीव्ही नव्हताच, मुंबईत दूरदर्शन आलं ते २ ऑक्टोबर १९७२ ला. रेडिओ आणि पेपर. १७ ला सकाळी पेपर मिळेना, जो मिळाला तो तळमजल्यावर एकाने मोठ्याने वाचला आणि बाकीचे कठड्याला टेकून ऐकत होते. चर्चा काय तर अमेरिकेच्या, निक्सनच्या सातव्या आरमाराचं आता काय होणार, ते बंगालच्या उपसागरात आलेलंच होतं, आणि मुजीब जिवंत आहेत का. ते तेव्हा पाकिस्तानच्या तुरुंगात होते, सुटले ८ जानेवारीला. हे आज वाचताना कळत नाही, पण त्या शुक्रवारी बांगलादेश स्वतंत्र झाला होता आणि त्याचा नेता आहे की नाही हेच लोकांना ठाऊक नव्हतं.

क्रिकेटपण चालू होतं बरं का. दादाला (माझा सख्खा मोठा भाऊ, तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला) युद्धाइतकीच त्याची पडलेली. ऑस्ट्रेलियात जागतिक संघ खेळत होता, त्यात आपले गावस्कर, इंजिनियर, बेदी आणि पाकिस्तानचे इंतिखाब आलम, झहीर अब्बास, आसिफ मसूद एकाच ड्रेसिंग रूममध्ये. युद्ध भरात असताना पर्थला ऑस्ट्रेलियाच्या लिलीने २९ धावांत ८ काढून ह्या संघाला ५९ वर गुंडाळलं. दादा त्यावर दोन दिवस नीट जेवला नव्हता. सांगायचं कारण, सगळी मुंबई रात्रंदिवस फक्त सीमेकडे डोळे लावून बसली होती असं नव्हतं.

आता मूळ गोष्ट.

आमच्या शेजारच्या खोलीत काकी राहायच्या, रत्नागिरीकडच्या, त्यांचा मधला मुलगा नेव्हीत होता आणि तो आयएनएस खुकरीवर होता. खुकरी ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ पाणबुडीच्या टॉर्पेडोने बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, कॅप्टन मुल्ला बोटीबरोबरच राहिले हे तुम्हाला माहीत असेल. ६७ जण वाचले. हा ६७ चा आकडा सगळ्यात वाईट, कारण काकींकडे तार आली ती 'बेपत्ता' अशी, आणि रोज कोणीतरी येऊन सांगायचं की अमक्याचा मुलगा सापडला, तमका हॉस्पिटलात आहे. अण्णांनी डॉकयार्डात चौकशी केली होती. त्यांना काय कळलं ते त्यांनी आम्हाला सांगितलं नाही, पण त्यानंतर ते काकींच्या दारासमोरून जाताना चपला हातात घेऊन जायला लागले. एवढं मी पाहिलंय.

तर शुक्रवारी संध्याकाळी चाळीतल्या मंडळाच्या पोरांनी ठरवलं विजय साजरा करायचा. घरटी वर्गणी काढली, पेढे आणले, गणपतीतल्या लाईटच्या माळा माळ्यावरून काढल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या कठड्याला ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत बांधल्या, मधोमध काकींचं दार. खाली चौकात लाऊडस्पीकर. पुढाकार कोणाचा, आमच्या दादाचा. साडेसातच्या सुमाराला त्यांनी सगळं चालू केलं. इतके दिवस काळोखात काढल्यावर तो उजेड बघून मलापण छान वाटलं होतं, खोटं कशाला सांगू, बायकासुद्धा बाहेर येऊन हसत होत्या.

तेवढ्यात अण्णा आले. हातात डबा. वर बघितलं, कोणाशी काही बोलले नाहीत, सरळ जिन्याखालच्या मीटरच्या खोलीत गेले आणि फ्यूज काढून खिशात टाकला. अख्खी चाळ गुडुप. दादा धावत खाली गेला आणि म्हणाला, अण्णा युद्ध संपलं, आपण जिंकलो, द्या तो फ्यूज. अण्णांनी सगळ्यांसमोर त्याच्या कानाखाली मारली.

ही ती कानाखाली. दादाने ती आजपर्यंत जपून ठेवलीये. त्याचं म्हणणं, मी देश जिंकल्याचा आनंद केला म्हणून मला बापाने मारलं, अण्णांना कसलाच आनंद सोसायचा नाही, आणि हे तो अण्णांच्या बाराव्यालासुद्धा बोलून दाखवायला चुकला नाही. वर त्याचा पुरावा काय, तर काकी स्वतः दारात येऊन म्हणाल्या, "लाव रे बाळा लाईट, माझ्यासाठी कशाला थांबताय." आता काकीच असं म्हणाल्या म्हटल्यावर अण्णा चूक, असं त्याचं गणित.

काकी तसं म्हणाल्या हे खरं आहे. मी तिथेच होते. पण कधी म्हणाल्या? आठ वाजून गेल्यावर म्हणाल्या, कारण त्यांच्याच खोलीतल्या ट्रान्झिस्टरवर आम्ही पाचसहा जण ऐकत बसलो होतो, आणि त्यांचं ऐकून मीटरच्या खोलीत जाऊन फ्यूज परत कोणी बसवला? अण्णांनी. मेणबत्ती मी धरली होती. दादा तेव्हा गच्चीवर रुसून बसला होता, त्यामुळे त्याच्या गोष्टीत हा भाग नसतोच. लाऊडस्पीकर मात्र अण्णांनी लावू दिला नाही आणि पेढा खाल्ला नाही, ते शेवटपर्यंत.

माझं मत स्पष्ट आहे. युद्धबंदी आठची होती, पोरांनी अर्धा तास आधी उजेड केला, आणि डॉकयार्डातल्या माणसाला अर्धा तास म्हणजे काय ते कळत होतं. खुकरीला बुडायला काही मिनिटं लागली. आणि समजा आठ वाजून गेले असते तरी ज्या दारात 'बेपत्ता'ची तार आलीये त्याच दारावर माळ बांधू नये ही अक्कल कॉलेजात जाणाऱ्या मुलाला असायला हवी. मारायला नको होतं हे मान्य, आमच्यावेळी सगळेच बाप मारायचे हे काही उत्तर झालं नाही. पण मारलं ते कशासाठी, हे तरी नीट सांगावं.

तुमचा मुख्य प्रश्न राहिलाच, पहिल्यासारखं लगेच झालं का. नाही. खिडक्यांचे कागद आमच्याकडे कित्येक दिवस तसेच होते, खळ अशी घट्ट बसलेली की शेवटी आईने ब्लेडने खरवडले आणि काचेवर ओरखडे राहिले ते राहिलेच. पाकिटावर आणि आंतर्देशीय पत्रावर नेहमीच्या तिकिटाशिवाय पाच पैशांचं 'शरणार्थी सहायता'चं जास्तीचं तिकीट लावावं लागायचं, ते युद्धाच्या आधी १५ नोव्हेंबरला सुरू झालं आणि युद्ध संपून वर्ष उलटलं तरी चालू, ३१ मार्च १९७३ ला बंद झालं. साधारण एक कोटी निर्वासित होते, त्यांचा खर्च कोणीतरी द्यायचाच होता. अर्थमंत्री आपले यशवंतराव चव्हाण, त्यामुळे चाळीत त्यांना शिव्यापण आपुलकीने मिळायच्या. ९३ हजार युद्धकैदी आपल्याकडे, त्यांना खायला कोण घालणार ह्यावर आमच्या नळावर रोज परिसंवाद. आणि पुढच्याच वर्षी बहात्तरचा दुष्काळ, रेशनवरचा लाल मिलो, म्हणजे लाल ज्वारी, गावाकडचे नातेवाईक मुंबईत येऊन राहिलेले, त्यात विजयाची धुंदी वगैरे कुठल्या कुठे गेली.

काकींचा मुलगा आला नाही. त्याचं सामान नंतर पेटीतून आलं, त्यात एक न टाकलेलं पत्र होतं अशी अफवा चाळीत होती. तसं काही नव्हतं, कपडे होते.

हां, आता एक सांगते, हे सगळं एका चाळीचं आहे. मलबार हिलला किंवा पुण्यात वेगळं असेल, आणि कच्छच्या किंवा पंजाबच्या गावांत तर फारच वेगळं, तिकडे लोकांनी घरं सोडलेली होती. प्रोजेक्टसाठी विचारत असाल तर त्या आठवड्यातले मराठी पेपर एखाद्या जुन्या ग्रंथालयात जाऊन बघा, पहिलं पान सोडून आतली पानं वाचा, छोट्या जाहिराती आणि बाजारभाव. आणि घरात कोणी सत्तरीतलं असेल तर त्यांना 'कसं वाटलं' असं विचारू नका, उत्तर 'खूप आनंद झाला' एवढंच येईल. संध्याकाळी जेवायला काय होतं, दिवा किती वाजता लावला, असं विचारा.

दादा, तू हे वाचणार, तुझी नात तुला दाखवणारच आहे. फ्यूजचं मी आईच्या देखत तुला दोनदा सांगितलंय, दोन्ही वेळा तू उठून गेलास. आता इथे लिहून ठेवलंय. उत्तर द्यायचं तर फोन कर, कमेंटमध्ये नको. आणि बाकीच्यांनी कमेंटमध्ये सातव्या आरमारावरून मारामाऱ्या करू नयेत, मी त्यात पडणार नाही.