भूत घरातलेच असू द्या

आपली क्विअर ओळख आणि घरातली जुनी दुखणी भयकथेतून मांडायची तुमची इच्छा मला मनापासून पटते, पण पहिल्या मसुद्यात भूत म्हणजे समलिंगी इच्छा असे सरळ समीकरण मांडू नका, कारण तसे केले की शेवटी भूत उतरवणे म्हणजे त्या माणसालाच पुसून टाकणे ठरते.

आयरिश लेखक शेरिडन ले फानू यांची १८७२ सालची ‘कार्मिला’ ही लघुकादंबरी सावकाश वाचा; तिच्यातली कार्मिला ही लॉरा या तरुणीकडे ओढली जाणारी रक्तपिपासू स्त्री (व्हॅम्पायर) आहे. ती ‘ड्रॅक्युला’ या प्रसिद्ध व्हॅम्पायर-कादंबरीच्या २५ वर्षे आधीची आहे. तिच्यात लॉराच्या घरी १६९८ सालचे एक काळवंडलेले चित्र स्वच्छ होऊन येते आणि त्यात पाहुण्या कार्मिलाचा हुबेहूब चेहरा दिसतो. लॉरा ते आपल्या खोलीत लावण्याची परवानगी मागते आणि वडील हसत होकार देतात. ते चित्र लॉराच्या दिवंगत आईच्या माहेरच्या घराण्यातले असल्यामुळे ओढ, भीती आणि रक्ताचे नाते एकाच भिंतीवर टांगले जाते. मला शेवटी कार्मिलाला ठार मारतात त्या प्रसंगापेक्षा हा होकार कितीतरी भयंकर वाटतो. (शेवट मात्र त्या काळाचा आहे, तो उचलू नका.)

तुमच्या कथेतही असे एखादे चित्र, कुलूपबंद कपाट किंवा जेवताना कुणीच न उच्चारलेले आत्याचे नाव शोधा आणि घरच्यांच्या गप्प बसण्याचे बारकाईने वर्णन करा. स्वतःची जखम लिहिताना हात थरथरू लागला, तर तो प्रसंग बाजूला ठेवून आधी नुसती खोली लिहा.