आनंदी, सुखी की समाधानी?

एका वाचकाचा प्रश्न: दर मार्चमध्ये 'फिनलंड जगातला सर्वात आनंदी देश' अशी बातमी येते. इथे 'सुखी' का म्हणत नाहीत? सुखी, आनंदी आणि समाधानी हे शब्द एकाच अर्थाचे आहेत का?

एकाच अर्थाचे नाहीत. फरक शोधायला कोशापेक्षा सोबतची क्रियापदं जास्त उपयोगी पडतात. आनंद 'होतो'. निकाल लागला, मामा आले, पहिला पाऊस पडला, की आनंद होतो. काहीतरी घडावं लागतं. सुखाचं तसं नाही. 'तुला पाहून मला सुख झालं' असं आज कोणी बोलत नाही. सुख मिळतं, लाभतं, भोगायचं असतं. माणूस सुखात वाढतो, सुखात लोळतो. सुखाची झोप, सुखाचे दोन घास, सुखवस्तू घर, 'सुखरूप पोचलो' हे सगळे प्रयोग पाहा, त्यांत त्रास नसणं हाच गाभा आहे. 'सुखासुखी कोणी गाव सोडत नाही' या वाक्यात तर तेवढाच अर्थ उरलाय.

हा अर्थ फार जुना आहे. ऋग्वेदात 'सुख' हे रथाचं विशेषण म्हणून येतं: ऋभू या कारागीर देवांनी अश्विन या जुळ्या देवांसाठी 'सुखं रथम्' घडवला, म्हणजे न अडखळता चालणारा रथ. सु म्हणजे चांगलं आणि ख म्हणजे भोक, इथे चाकातलं आसाचं भोक, अशी या शब्दाची फोड अनेक अभ्यासक करतात. मला ती पटते, कारण मराठीतलं सुख अजूनही कुरकुर न करता चालणाऱ्या संसाराचंच नाव आहे. 'अवघाचि संसार सुखाचा करीन, आनंदें भरीन तिन्ही लोक' या ओळीत ज्ञानदेव दोन्ही शब्द वापरतात आणि दोन्ही आपापल्या जागी बसतात. संसार सुखाचा करायचा असतो, आनंदाने भरून टाकायचं असतं. शब्दांची अदलाबदल करून ओळ म्हणून पाहा, लगेच खटकेल.

म्हणूनच सुखी माणूस आनंदी असेलच असं नाही. 'त्याला सुख दुखतंय' असं आपण म्हणतो. आनंद कधी कुणाला दुखत नाही. उलट, गळक्या घरातही एखादी बाई आनंदी असते. आनंदी हा बऱ्याचदा स्वभाव असतो, सुखी ही परिस्थिती.

समाधान हा मात्र मराठीने आपल्या वळणाने वाढवलेला शब्द. हिंदीत समाधान म्हणजे प्रश्नावरचा तोडगा, आणि आपण ज्याला समाधान म्हणतो त्याला तिथे संतोष म्हणतात. आपल्याकडे तो तोडग्याचा अर्थ 'शंकासमाधान'मध्ये टिकून आहे, पण रोजच्या बोलण्यात शंका मिटल्यावर मन जसं शांत होतं, त्या अवस्थेलाच समाधान म्हणतात. पोटभर वाढल्याशिवाय आजीचं समाधान होत नाही. तुकोबाही 'ठेविले अनंते तैसेचि राहावे' म्हटल्यावर 'चित्ती असो द्यावे समाधान' म्हणतात. परिस्थिती चांगलीच हवी, अशी अट समाधानाला नाही. (जाहिरातींमधून हल्ली 'समस्येचे समाधान' शिरलं आहे. ते कृपया टाळावं. उपाय, तोडगा, उत्तर हे आपले शब्द काही झिजलेले नाहीत.)

आता फिनलंड. ही बातमी ज्यावरून येते, त्या २०१२ पासून निघणाऱ्या 'वर्ल्ड हॅपिनेस रिपोर्ट' या जागतिक अहवालात २०१८ ते २०२५ सलग हा देश पहिला आहे. पण क्रमवारी ज्या प्रश्नावर ठरते, त्यात आनंदाचा उल्लेखच नाही. एक शिडी कल्पायची, तिच्या तळाशी ० आणि टोकाला १०. तुमच्या दृष्टीने सर्वात चांगलं आयुष्य १० वर, सर्वात वाईट ० वर. तुम्ही आज कुठल्या पायरीवर आहात? हा आयुष्याचा हिशेब आहे. काल हसलात का, मजा आली का, हे वेगळं विचारतात, पण क्रमांक त्यावरून लागत नाही. त्यामुळे बातमीत 'आनंदी' नको, आणि 'सुखी'ही नको, कारण तिथली सोय-गैरसोय बाहेरून मोजलेली नसते, ज्याचं आयुष्य त्यानेच ते तोललेलं असतं. 'सर्वात समाधानी देश' असा मथळा मी देईन.

बोलताना मात्र यातलं काहीच आपण सहसा विचारत नाही. 'बरं चाललंय ना?', 'मजेत ना?' एवढंच विचारतो. 'आनंदी आहेस का?' हे इंग्रजीवरून उचललेलं वाटतं. सासरी गेलेल्या लेकीला आई अजूनही 'सुखात आहेस ना?' असंच विचारते, आणि तिथे दुसरा कुठलाही शब्द चालणार नाही.